वाढत्या वयातील वाढते वजन आणि रक्तातील दाह

मूल अंगाने भरले की घरातील वडीलधाऱ्यांना समाधान वाटते. 'खात्यापित्या घरचे दिसते' हा आपल्याकडे कौतुकाचाच शेरा समजला जातो. यात नवल काहीच नाही. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली आणि परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरीवर दिवस काढले, त्या पिढीच्या डोळ्यांना नातवंडांचे भरलेले गाल सुखावणारच. ज्या घराने उपासमार पाहिली, त्या घराला जाडी ही संकट वाटत नाही.

परंतु गेल्या तीस-पस्तीस वर्षांत परिस्थिती पालटली आहे. २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जागतिक आकडेवारीनुसार भारतातील ५ ते १९ वयोगटातील लठ्ठ मुलामुलींची संख्या १९९० मध्ये सुमारे ४ लाख होती. २०२२ मध्ये ती सुमारे १ कोटी २५ लाख झाली. त्याच वेळी कुपोषणही संपलेले नाही. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींपैकी सुमारे २४ टक्के वयाच्या मानाने कृश, तर सुमारे ५ टक्के जास्त वजनाचे आढळले. म्हणजे एकाच वस्तीत, कधी कधी एकाच घरात, दोन्ही प्रश्न एकत्र नांदत आहेत.

जास्त वजनाचे दुष्परिणाम चाळिशीनंतर दिसतात, तोवर काळजीचे कारण नाही, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखात आम्ही या समजाची तपासणी करणार आहोत. जास्त वजनाच्या किशोरवयीन मुलांच्या रक्तात दाहाच्या खुणा आढळतात का, आढळल्यास त्या कशामुळे येतात, आणि आपण काय करावे, असे तीन प्रश्न आमच्यापुढे आहेत. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांबरोबरच त्यांच्या आईवडिलांनाही समजावे, अशा भाषेत विषय मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

दाह म्हणजे काय?

पायात काटा मोडला तर त्या जागी काय होते, हे सर्वांना ठाऊक आहे. जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. दाहाची हीच चार लक्षणे पहिल्या शतकातील सेल्सस या रोमन लेखकाने नोंदवून ठेवली आहेत. दाह हा शरीराचा शत्रू नव्हे. जंतू शिरले किंवा इजा झाली की पांढऱ्या पेशींना त्या जागी बोलावणारी ती संरक्षणाची व्यवस्था आहे. काम संपले की ती शांत होते आणि जखम भरून येते.

याखेरीज दाहाचा आणखी एक प्रकार आहे. त्यात लाली नसते, सूज दिसत नाही, ताप येत नाही, दुखतही नाही. तो मंद असतो. पण महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे चालू राहतो. चुलीतला विस्तव राखेखाली धुमसत राहावा, तसा. बाहेरून काहीच दिसत नसल्यामुळे तो रक्तातील काही घटकांवरूनच ओळखावा लागतो. या घटकांना आपण 'दाहदर्शक' म्हणू.

सी.आर.पी. या प्रथिनाची ओळख

दाहदर्शकांमध्ये सर्वांत अधिक वापरला जाणारा घटक म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, अर्थात सी.आर.पी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस या दोन संशोधकांनी १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते प्रथम ओळखले. न्यूमोनियाच्या जंतूंमधील 'सी' नावाच्या शर्करायुक्त पदार्थाशी त्याची प्रतिक्रिया होते, म्हणून हे नाव पडले.

हे प्रथिन मुख्यतः यकृतात तयार होते. शरीरात कोठेही दाह सुरू झाला की तेथील पेशी 'इंटरल्यूकिन-६' नावाचे संदेशवाहक द्रव्य रक्तात सोडतात. तो संदेश यकृताला मिळाला की काही तासांतच सी.आर.पी. वाढू लागते आणि साधारण दोन दिवसांत शिखर गाठते. गंभीर जंतुसंसर्गात ते शेकडो पटींनी वाढू शकते. रक्तातील त्याचे अर्धे प्रमाण नाहीसे होण्यास सुमारे १९ तास लागतात. म्हणून कारण दूर झाले की ते झपाट्याने खाली येते.

मंद दाहातील वाढ मात्र अगदी थोडी असते. ती मोजण्यासाठी अधिक सूक्ष्म पद्धतीची चाचणी वापरतात. प्रौढांच्या हृदयविकाराच्या धोक्याचा अंदाज घेण्यासाठी अमेरिकेतील तज्ज्ञांनी २००३ मध्ये काही मर्यादा सुचविल्या. दर लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास धोका कमी, १ ते ३ असल्यास मध्यम आणि ३ पेक्षा अधिक असल्यास जास्त. आकडा १० च्या वर गेला तर आधी जंतुसंसर्गासारखे कारण शोधावे आणि सुमारे दोन आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी. या मर्यादा प्रौढांसाठी आहेत, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

एककाचीही काळजी घ्यावी लागते. काही प्रयोगशाळा हा आकडा दर लिटरमागे देतात, तर काही दर डेसिलिटरमागे. एका लिटरमध्ये दहा डेसिलिटर असतात. त्यामुळे दर डेसिलिटरला ०.४ मिलिग्रॅम आणि दर लिटरला ४ मिलिग्रॅम ही एकच गोष्ट होय. एकक न पाहता दोन अहवालांची तुलना केली तर दहापटींचा घोटाळा होतो.

सी.आर.पी.बरोबरच इंटरल्यूकिन-६, टी.एन.एफ.-अल्फा, फायब्रिनोजेन आणि पांढऱ्या पेशींची संख्या यांचाही दाहदर्शक म्हणून अभ्यास केला जातो.

चरबी स्वस्थ बसत नाही

चरबी म्हणजे धान्याची कणगी. उरलेले अन्न त्यात साठते आणि गरज पडली की बाहेर निघते, असे शास्त्रज्ञही पूर्वी समजत. १९९० नंतरच्या दशकात हे चित्र बदलले. १९९३ मध्ये अमेरिकेतील हॉटामिस्लिगिल, शारगिल आणि स्पीगलमन यांनी दाखवून दिले की, लठ्ठ उंदरांच्या चरबीत टी.एन.एफ.-अल्फा हे दाहकारक द्रव्य तयार होते आणि ते इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. १९९४ मध्ये चरबीतून निघणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला. चरबी ही एक मोठी ग्रंथीच आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

वजन वाढते तेव्हा चरबीच्या पेशी फुगतात. फार फुगलेल्या पेशींना प्राणवायू पुरेसा मिळत नाही, त्यांच्यावर ताण येतो आणि त्यांतील काही मरतात. मेलेल्या पेशी साफ करण्यासाठी मॅक्रोफेज नावाच्या भक्षकपेशी तेथे जमा होतात. २००३ मध्ये दोन स्वतंत्र अभ्यासगटांनी ही गोष्ट प्रसिद्ध केली. त्यांपैकी एका गटाच्या अंदाजानुसार सडपातळ व्यक्तीच्या चरबीत भक्षकपेशींचे प्रमाण १० टक्क्यांहून कमी असते, तर लठ्ठ व्यक्तीच्या चरबीत ते ४० टक्क्यांच्या जवळपास पोहोचू शकते. जेथे केवळ साठा आहे असे आपण समजत होतो, तेथे एवढी मोठी फौज तळ ठोकून बसलेली असते.

ही फौज आणि फुगलेल्या चरबीपेशी मिळून टी.एन.एफ.-अल्फा व इंटरल्यूकिन-६ सोडत राहतात. रक्तात फिरणाऱ्या इंटरल्यूकिन-६ पैकी सुमारे एक तृतीयांश भाग चरबीतून येतो, असा एक अंदाज आहे. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठलेल्या चरबीचे रक्त थेट यकृताकडे जाते. म्हणून मांड्यांवरील चरबीपेक्षा पोटातील चरबी अधिक उपद्रवी ठरते. यकृताला संदेश मिळतो, ते सी.आर.पी. तयार करते, आणि कोठेही जखम नसताना, जंतू नसताना रक्तात दाहाची खूण उमटते. याच काळात अ‍ॅडिपोनेक्टिन हे दाह शमविणारे संप्रेरक मात्र कमी होते.

पाहण्यांतून काय दिसते?

ही सारी प्रक्रिया प्रौढांत घडते हे मान्य झाले. मुलांत घडते का? या प्रश्नाचे उत्तर देणारा एक महत्त्वाचा अभ्यास २००१ मध्ये 'पेडिअ‍ॅट्रिक्स' या बालरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या शासनाने १९८८ ते १९९४ या काळात केलेल्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण पाहणीतील ८ ते १६ वर्षे वयाच्या ३,५१२ मुलामुलींच्या माहितीवर तो आधारलेला होता. दर डेसिलिटरला ०.२२ मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला २.२ मिलिग्रॅम, किंवा त्याहून अधिक सी.आर.पी. असल्यास ते वाढलेले समजण्यात आले.

एकूण मुलांपैकी ७.१ टक्के मुलगे आणि ६.१ टक्के मुली यांच्यात ते वाढलेले होते. जास्त वजनाच्या मुलांची तुलना सामान्य वजनाच्या मुलांशी केली असता, सी.आर.पी. वाढलेले असण्याच्या शक्यतेचे गुणोत्तर मुलग्यांत ३.७४ आणि मुलींत ३.१७ निघाले. पांढऱ्या पेशींची संख्याही जास्त वजनाच्या मुलांत अधिक होती. धूम्रपान करणारी व आजारी मुले बाजूला काढून हिशेब केला, तरी निष्कर्ष बदलला नाही. याचा अर्थ प्रत्येक जाड मुलाच्या रक्तात दाह असतो असा मुळीच नाही. परंतु वजन वाढले की दाहाची शक्यता तीन-साडेतीन पटींनी वाढते, आणि ती शाळकरी वयातच वाढते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

आपल्या देशातही याला दुजोरा मिळाला. दिल्लीत १४ ते २५ वर्षांच्या निरोगी युवक-युवतींची तपासणी करून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शरीरातील चरबी जितकी जास्त तितके सी.आर.पी. वाढलेले आढळण्याचे प्रमाण जास्त, असे दिसून आले.

याचा पुढे काय परिणाम होतो? टी.एन.एफ.-अल्फासारखी द्रव्ये इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. साखर पेशींत ढकलण्यासाठी स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन तयार करावे लागते. कालांतराने ते थकते आणि मधुमेह होतो. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावरही मंद दाहाचा परिणाम होतो. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात १९७३ मध्ये सुरू झालेल्या बोगालुसा हृदय-अभ्यासाने अपघातादी कारणांनी मरण पावलेल्या २०४ तरुण व्यक्तींच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांचे वय २ ते ३९ वर्षे होते. शरीराची जाडी, रक्तदाब आणि रक्तातील स्निग्ध घटक जितके अधिक, तितके रक्तवाहिन्यांतील चरबीचे पट्टे अधिक, असे त्यात दिसले. म्हणजे चाळिशीत उभा राहणारा आजार विशीच्या आधीच पाया खणू लागतो.

धूर आणि आग

येथे विद्यार्थ्यांनी एक भेद नीट समजून घ्यावा. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण आहेच, असे ठरत नाही. सी.आर.पी. स्वतः हृदयविकार घडवून आणते का, याचा शोध घेण्यासाठी शास्त्रज्ञांनी जनुकांचा आधार घेतला. काही व्यक्तींमध्ये जन्मजात जनुकीय फरकामुळे सी.आर.पी. आयुष्यभर थोडे जास्त असते. सी.आर.पी. हेच कारण असते, तर अशा व्यक्तींना हृदयविकार अधिक व्हायला हवा होता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात तसे आढळले नाही. उलट ज्या जनुकांमुळे वजन वाढते, त्यांच्यामुळे सी.आर.पी.देखील वाढते, हे दिसून आले.

तात्पर्य, सी.आर.पी. हा धूर आहे, आग नव्हे. धूर दिसला की आग कोठे आहे ते पाहावे. नुसता धूर कमी करण्याचे औषध शोधत बसण्यात अर्थ नाही.

वजनकाटा नेहमीच सर्व सांगत नाही

आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. उंचीच्या मानाने वजन योग्य असले, तरी शरीरात चरबी जास्त असू शकते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण छायाचित्रासह दिले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३, अगदी सारखा. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के!

याचे मूळ जन्माआधीच असते, असे पुण्याच्या अभ्यासावरून दिसते. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. आपली बालके वजनाने, उंचीने, स्नायूंनी लहान होती. पण त्या मानाने त्यांच्या त्वचेखालील चरबी मात्र फारशी कमी नव्हती. आईच्या पोटात मिळालेल्या अपुऱ्या पोषणाशी जुळवून घेताना शरीर स्नायूंवर काटकसर करते आणि चरबी जपते. असे मूल पुढे भरपूर खाण्याच्या आणि बैठ्या दिनक्रमाच्या काळात वाढले, तर ती चरबी लवकर वाढते. ज्यांच्या आजी-पणजींनी उपवास घडवले नव्हेत तर सोसले, त्यांच्या नातवंडांनी म्हणूनच अधिक सावध राहिले पाहिजे.

यासाठी दोन सोप्या खुणा सांगतो. पहिली, कंबरेचे माप. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. १५६ सेंटिमीटर उंचीच्या मुलीची कंबर ७८ सेंटिमीटरच्या आत हवी. शिंप्याची टेप आणि दोन मिनिटे, एवढाच खर्च. दुसरी खूण मानेची. मानेच्या मागे किंवा काखेत त्वचा काळी, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल, तर कित्येक आया तो मळ समजून मुलाची मान दगडाने घासतात. तो मळ नसतो. इन्सुलिनचे काम अडखळत असल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी साबण बदलण्याऐवजी डॉक्टरांना दाखवावे.

वजन उंचीच्या मानाने किती असावे, हे वाढत्या वयात दर वर्षी बदलते. म्हणून मोठ्या माणसांचे आकडे मुलांना लावू नयेत. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांच्या मुलामुलींसाठी वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. डॉक्टरांकडून त्यांवर नोंद करून घ्यावी.

मुलींच्या अंगातील लोह

दाहाचा एक परिणाम असा आहे की, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. जाड मुलीला रक्तक्षय कसा असेल, असे घरचे विचारतात. परंतु लठ्ठ किशोरवयीन मुलांच्या रक्तात लोह कमी आढळते, हे निरीक्षण १९६२ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्यामागील कारणाचा उलगडा मात्र हेप्सिडिन या संप्रेरकाच्या शोधानंतर, म्हणजे २००० च्या सुमारास व पुढे झाला. इंटरल्यूकिन-६ वाढले की यकृत हेप्सिडिन अधिक तयार करते. हेप्सिडिन आतड्यातून लोह रक्तात येऊ देत नाही आणि पेशींत साठलेले लोह तेथेच अडवून ठेवते. जंतूंना लोह मिळू नये यासाठी शरीराने केलेली ही नाकेबंदी आहे. पण मंद दाहात ती विनाकारण चालू राहते.

दुसरी गुंतागुंत अशी की, शरीरातील लोहाचा साठा ज्या फेरिटिनवरून मोजतात, ते फेरिटिनदेखील दाहात वाढते. त्यामुळे अहवालात आकडा ठीक दिसतो आणि मुलीला प्रत्यक्षात लोह अपुरे असते. म्हणूनच फेरिटिनचा अर्थ लावताना दाह आहे की नाही हे पाहावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात सांगितले आहे. एखादी विद्यार्थिनी सतत थकलेली असेल, जिना चढताना धापा टाकत असेल, तर 'वजन जास्त आहे, आळशी आहे' असे म्हणून तिला गप्प करू नये. तिचे हिमोग्लोबिन तपासावे, आणि शाळेतून दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी तिने जेवणानंतर न चुकता घ्यावी.

तपासणी करावी की नाही?

हा लेख वाचून कोणी लगेच प्रयोगशाळेकडे धाव घेऊ नये, अशी आमची विनंती आहे. आजकाल 'संपूर्ण शरीर तपासणी'च्या जाहिराती जागोजागी दिसतात आणि त्यांच्या यादीत सी.आर.पी. असतेच. हातावर पोट असलेल्या कुटुंबाने त्यासाठी पैसे खर्च करण्याचे कारण नाही. सर्दी, ताप, किडलेला दात, सुजलेले टॉन्सिल, खेळताना झालेली इजा, धूम्रपान अशा कितीतरी कारणांनी सी.आर.पी. वाढते. एका आकड्यावरून चरबीचा दाह ठरविता येत नाही. मुलांवर उपचार ठरविण्यासाठी त्याची सर्वमान्य मर्यादाही निश्चित झालेली नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये लठ्ठ मुलांसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात १० वर्षांवरील लठ्ठ मुलांच्या रक्तातील स्निग्ध घटक, साखर आणि यकृताचे कार्य तपासण्याची शिफारस आहे. रक्तदाब तर तपासावाच. दाहदर्शकांचे खरे मोल संशोधनात आहे. शरीराच्या आत काय चालले आहे, हे त्यांनी आपल्याला समजावून दिले.

दाह उतरतो का?

उतरतो, आणि हीच या अभ्यासातील सर्वांत दिलासा देणारी बाब होय. २००५ मध्ये अमेरिकेत लठ्ठ किशोरवयीन मुलांच्या आहारात व व्यायामात तीन महिने बदल करण्यात आला. औषध दिले नाही. त्यांच्या रक्तातील सी.आर.पी., इंटरल्यूकिन-६ आणि फायब्रिनोजेन कमी झाले. जर्मनीत ६७ लठ्ठ मुलांचा अभ्यास झाला. त्यातील एका गटाने सहा महिने, आठवड्यातून तीनदा पोहणे, मैदानी खेळ व चालणे असा व्यायाम केला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांचे सी.आर.पी. उतरले, आणि मानेतील रक्तवाहिनीच्या भिंतीची वाढलेली जाडीही कमी झाली.

सर्वच प्रयोगांत असे घडले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २००४ मधील एका प्रयोगात मुलांनी आठ आठवडे व्यायामाची सायकल चालविली. त्यांचा दम वाढला, रक्तवाहिन्यांचे काम सुधारले, पण सी.आर.पी. हलले नाही. म्हणजे चार-आठ आठवडे पुरेसे नाहीत. सवयच लागली पाहिजे. आणि आकडा उतरला नाही, तरी व्यायाम वाया जात नाही.

याहून मोठा पुरावा २०११ चा आहे. अमेरिका, फिनलंड आणि ऑस्ट्रेलियातील चार अभ्यासांतील ६,३२८ व्यक्तींचा सरासरी २३ वर्षे मागोवा घेण्यात आला. लहानपणी जाड असलेली, पण मोठेपणी लठ्ठ न राहिलेली माणसे मधुमेह, रक्तदाब व रक्तवाहिन्यांच्या आजारांच्या बाबतीत, जी कधीच लठ्ठ नव्हती त्यांच्या जवळपास येऊन पोहोचली होती. लहानपणीचे वजन म्हणजे ललाटरेषा नव्हे, हे या आकड्यांनी दाखवून दिले.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट खेळाची. ५ ते १७ वयाच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे अंग घामेजून जाईल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे दहावीचे वर्ष आले की खेळ बंद होतो, आणि मुलगी वयात आली की तिचे मैदान सुटते. अभ्यासिकेत आठ तास बसणाऱ्या मुलाला तासाभराने उठून चालू द्यावे. कबड्डी, खो-खो, लेझीम, दोरीवरच्या उड्या यांना पैसे लागत नाहीत. मुलींना खेळण्यासाठी सुरक्षित वेळ आणि जागा मिळवून देणे, हे मंडळांचे व संस्थांचे काम आहे.

दुसरी गोष्ट ताटाची. महाग फळे आणि डबाबंद पौष्टिक पावडरी यांची गरज नाही. ज्वारी-नाचणीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, पालेभाजी, डाळ, मूठभर शेंगदाणे, परवडेल तेव्हा अंडी व मासळी हे आपले जुनेच अन्न उत्तम आहे. कमी करायचे ते रंगीत गोड पेये, चहाबरोबरचा बिस्किटांचा पुडा, रोजचा वडापाव आणि फरसाण. परंतु वाढत्या वयातील मुलाला उपाशी ठेवू नये. जेवण तोडणे, वजन उतरविण्याच्या गोळ्या किंवा चूर्णे घेणे, हे घातक आहे. मुलाची उंची वाढत असते. त्यामुळे पुष्कळदा वजन आहे तेथेच थोपविले, तरी काम साधते.

तिसरी गोष्ट जिभेची. 'जाड्या', 'ढोल्या', 'टुणटुण' अशी हाक मारून कोणाचे वजन उतरल्याचे आम्ही पाहिलेले नाही. हिणवलेले मूल मैदानावर यायचे सोडते, एकटे बसून खाते, आणि वजन आणखी वाढते. वर पाहिल्याप्रमाणे या वजनामागे आजीची उपासमार, आईच्या गरोदरपणातील अर्धपोटी दिवस, बंद झालेले मैदान आणि कोपऱ्यावरचे स्वस्त तळलेले अन्न अशी अनेक कारणे असतात. त्यांतील एकही मुलाने निवडलेले नसते. म्हणून बदल एकट्या मुलावर लादू नये. घरातील सर्वांनी एकच ताट आणि एकच शिस्त पाळावी.

विद्यार्थी मित्रांनो, आधीच्या पिढीचा लढा पोटभर अन्नासाठी होता. तो लढा त्यांनी दिला, म्हणून आज तुमच्यापुढे भरलेले ताट आहे. त्या ताटात काय असावे आणि जेवून उठल्यावर मैदानावर किती वेळ घालवावा, हे ठरविण्याची जबाबदारी आता तुमची व आमची आहे. घरी गेल्यावर शिंप्याची टेप घ्या. आधी स्वतःचे माप घ्या, मग आईवडिलांचे. अभ्यासाची सुरुवात तेथूनच करावी.